काटा काढायचा, पण कोणता?

(तालुक्याच्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्तीने केलेलं बोलणं. ज्या पाड्यांवरच्या लोकांना येता आलं नाही त्यांच्यासाठी तिनेच लिहून दिलं आहे. वाचून दाखवा.)



सगळ्या पाड्यांवरून माणसं आलीत, त्यात बाया जास्त आल्यात, बरं वाटलं. खुरासणी झोडपायची राहिलीय तरी आलात, म्हणून वेळ जास्त घेत नाही.

वरच्या माळावर काम निघालंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. कागदावर असं लिहिलंय: 'काटेरी व निरुपयोगी झुडपे काढणे'. महिनाभर मजुरी मिळेल. मागच्या बैठकीत लगेच हो म्हणायचं चाललं होतं आणि मी म्हटलं, आठ दिवस थांबा. त्याच्यावरून काही जण रागावलेत. एक काका म्हणाले, पोरगी बारावी शिकली आणि आता काट्यांची वकिली करायला लागली. काका इथंच पुढं बसलेत. (सगळे हसतात.)

तर काका, मी काट्यांचीच वकिली करणार आहे. पण सगळ्या काट्यांची नाही. एका काट्याच्या तर मी पुरती विरोधात आहे, त्याला मुळासकट काढू या, मी पहिली खुरपं घेऊन येते. बाकीच्यांबद्दल मात्र ऐकून घ्या आणि मग शनिवारी काय तो ठराव करा.

कागदावर 'काटेरी' हा एकच शब्द आहे. माळावर गेलं तर तिथं एक काटा नाही, चार जातीचे काटे आहेत. लहानपणापासून गुरांमागे फिरलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण आता पोरं आश्रमशाळेत असतात, त्यांना खरंच फरक कळत नाही. म्हणून सांगते.

पहिली उटकटारी. गुडघ्याएवढी, कधी कमरेएवढी. पानाला खालून पांढरी कापसासारखी लव आणि कडेला लांब काटे. डोक्यावर गोल गोंडा, चेंडूसारखा, पांढरट निळसर. नावातच उंट आहे, म्हणजे उंटाच्याच तोंडाला झेपेल असा काटा. तो गोंडा जवळून बघा. ते एक फूल नाही. बारीक बारीक फुलं गच्च बसवलेली असतात, प्रत्येकाला आपला वेगळा काट्यांचा झगा. ती सगळी एकदम उमलत नाहीत. वरून उमलायला सुरुवात होते आणि उमलणं खाली उतरत जातं. म्हणून एका गोंड्यावर माशी आज आली, उद्या आली, परवा आली तरी तिला नवीन काहीतरी मिळतं. आणि मिळतं ते दोन्ही मिळतं, रसही आणि परागही.

दुसरी ब्रह्मदंडी. ही उटकटारीच्याच कुळातली, पण काटा मवाळ. जांभळट फूल, खालच्या बोंडाभोवती बारीक टोकदार कुसळं. पाऊस संपला की माळावर, बांधावर दिसते. आणखी एक गंमत सांगते. आपले लोक मजुरीला देशावर जातात, तिथं करडई बघितलीय ना? ती पण ह्यांच्याच कुळातली. तिला पण काटे असतात, आणि तिला कोणी निरुपयोगी म्हणत नाही, कारण तिचं तेल बाजारात विकतं.

तिसरी काटेरिंगणी. जमिनीला चिकटून पसरलेली, निळं फूल, पिवळं फळ, सगळ्या अंगावर काटे, पानावर सुद्धा. ही वांग्याच्या कुळातली. तिच्या फुलात पराग एका बारीक नळीत कोंडलेला असतो, वर फक्त बारकं भोक. मधमाशीला तो काढायची युक्ती नाही. भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंगानेच घूं घूं करून फूल हलवतो, तेव्हा पराग मिठासारखा खाली पडतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलाला पण असंच हलवणारं कोणीतरी लागतं. ज्यांच्या घरामागे चार वांगी आहेत त्यांनी सकाळी उभं राहून बघावं.

आणि चौथा पिवळा धोत्रा, काही जण बिलायत म्हणतात. नावातच परकेपणा आहे. हा इथला नाहीच. मेक्सिकोकडचा, समुद्रापलीकडून माणसांच्या जहाजांबरोबर आला आणि सगळ्या देशात पसरला. निळसर हिरवं पान, त्याच्यावर पांढऱ्या शिरा, पिवळं फूल, आणि देठ मोडला की पिवळं दूध. हीच त्याची खूण. दूध पिवळं निघालं की धोत्रा. उटकटारी मोडा, असं दूध निघणार नाही.

आता मुद्द्यावर येते.

आपल्या वरकस जमिनीत नागली, वरई आणि खुरासणी. नागली-वरई खायला, खुरासणी तेलाला आणि चार पैशाला. मिठाला, कपड्याला, पोरांच्या वह्यांना जो रोख पैसा लागतो तो बऱ्याच घरांत खुरासणीचाच असतो. आणि खुरासणीचं एक आहे. तिच्या फुलाला स्वतःच्याच रोपाचा पराग चालत नाही. दुसऱ्या रोपाचाच लागतो. आपल्यात एका कुळात सोयरीक होत नाही ना, तसंच समजा. तो पराग चिकट असतो, वाऱ्याने उडून जाईल असा नाही. मग तो नेतं कोण? मधमाशी. सातेरी, फुलोरी, आग्या, बारकी पोया, सगळ्या नेतात. माशी नाही आली तर शेत पिवळंधमक दिसेल, फोटो काढण्यासारखं, पण झोडपल्यावर निघेल पोचट.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. पुढच्या भादव्यात कळ्या धरल्या की चार रोपांवर जुन्या पातळ लुगड्याचा तुकडा बांधा, माशी शिरणार नाही पण ऊन-वारा लागेल असा. फुलं सुकेपर्यंत राहू द्या. मग ती बोंडं आणि उघड्या रोपाची बोंडं वेगवेगळी चोळून दाणे मोजा. पाड्यावरच्या पोरांना हे काम द्या, त्यांना मोजायला आवडतं.

म्हणजे माशी आपल्या शेतातली मजूर आहे. मजुरी न मागणारी. पण खायला तर तिला लागतंच, आणि खुरासणी तिला महिना-सवा महिना पोसते. उरलेले दिवस ती कुठं जाते? आग्या तर हंगाम बघून जागा बदलते, लांब लांब जाते. पण सातेरी बिळात, झाडाच्या ढोलीत घर करून राहते, ती घर सोडून फार लांब चरायला जात नाही. पोया तर त्याहून जवळ. त्यांना जे काय मिळायचं ते इथंच, आपल्या माळावर आणि आपल्या रानात मिळायला पाहिजे.

आता वर्ष डोळ्यासमोर आणा. माघ-फाल्गुनापासून काळजी नाही, सावर फुलते, पळस, पांगारा, मग करंज, जांभूळ. तेव्हा रान भरलेलं असतं. पण खुरासणी संपली आणि सावर अजून फुलायची आहे, त्या मधल्या दिवसांत काय? मार्गशीर्ष आणि पौष. गवत वाळलेलं, रानहळद आणि तेरडा कधीच गेलेला. अगदीच काही नसतं असं मी म्हणत नाही, पण फुलं फार कमी होतात. नेमकी तेव्हा माळावर उटकटारी फुललेली असते. थंडीत दहा वाजता ऊन जरा तापलं की जाऊन बघा, एकेका गोंड्यावर दोन-तीन माश्या, शिवाय भुंगा, शिवाय फुलपाखरं. एकटी उटकटारी सगळ्या मोहोळांना जगवते असा माझा दावा नाही. पण मधल्या तंगीच्या महिन्यात उधार देणारं एखादं घर असतं ना, तसं ते झाड आहे.

आणि काम कधी काढायचं ठरलंय? ह्याच महिन्यात. सगळा माळ फुलावर असताना.

कोणी म्हणेल, मग धोत्र्याला का काढायचं, त्याच्यावर पण माशी बसते. बसते, खरं आहे, मी खोटं सांगणार नाही. पण ती तिथं पराग न्यायला बसते. धोत्र्याच्या फुलात रसच नसतो. खसखशीच्या कुळातलं ते झाड, त्या कुळाच्या बहुतेक फुलांत रस नसतो. परागाने माशीची पिल्लं वाढतात, पण मध रसाचाच होतो. आणि धोत्रा भरात येतो तो माघानंतर, जेव्हा पळस-सावर फुललेलीच असते. म्हणजे गरज असते तेव्हा हा कोवळा, जमिनीलगत पसरलेला, आणि रान भरलेलं असतं तेव्हा हा डोलात. असा पाहुणा काय कामाचा?

दुसरं, त्याला गुरं तोंड लावत नाहीत. सगळं चरून जातं, हा राहतो. एकेका बोंडात शेकड्यांनी काळं बी, मोहरीसारखं. जिथं माती उकरली तिथं हा पहिला उगवतो. रस्त्याची कड, चराची माती, खणून तशीच टाकलेली खाण. माळावर जिथं मागं सलग समतल चर खणले होते तिथंच धोत्रा का माजलाय, हे बघितलंत का? उकरलेल्या मातीत उटकटारी मागे पडते आणि धोत्रा पुढे जातो. आता सगळा माळ एकदम उकरून साफ केला तर दोन वर्षांनी तिथं काय उगवेल, तुम्हीच सांगा. 'काटेरी झुडपे काढणे' ह्या कामाने काटेच वाढतील, आणि ते पण वाईट जातीचे.

तिसरं, त्याचं बी विषारी आहे. मोहरीत मिसळून तेलात गेलं की माणसाचे पाय सुजतात, दम लागतो, काळीज निकामी होतं. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठाच्या वर माणसं मेली. आपल्यात जे थोडी मोहरी करतात त्यांनी बांधावर धोत्रा ठेवूच नये.

टणटणीबद्दल पण कालच विचारलं एका ताईने. तिच्यावर फुलपाखरं खूप बसतात, मग ती चांगली का वाईट? ती पण बाहेरचीच, दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या काळात बागेत शोभेला म्हणून आणली. फुलपाखराची सोंड लांब, त्याला रस मिळतो. पण तिच्या जाळीखाली गवत येत नाही, आपली रोपं येत नाहीत. एक फूल देऊन दहा फुलं खाणारी ती. तिचा वेगळा दिवस धरू, आज काट्यांपुरतंच बोलते.

सगळे काटे सारखे धरले तर काय होतं, ह्याची एक गोष्ट शिबिरात एका सरांनी सांगितली होती. ती अमेरिकेची आहे, लांबची, पण ऐका. तिथं युरोपातून आलेला एक काटा कुरणांत माजला. आपल्या उटकटारीच्याच मोठ्या खानदानातला, जांभळ्या फुलाचा. गुरांची कुरणं जायला लागली. मग १९६८-६९ च्या सुमाराला तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी युरोपातूनच एक सोंडकिडा आणून सोडला, जो त्या फुलात अंडी घालतो आणि त्याची अळी बी खाते. परका काटा बराच कमी झाला. पण तिथं त्यांचे स्वतःचे, मूळचे काटे पण होते, त्यांच्या माश्यांचं आणि फुलपाखरांचं खाणं. किड्याला कुठं कळतं, हा परका आणि हा घरचा? तो त्यांच्या पण फुलांत शिरला. नेब्रास्का म्हणून राज्य आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्यांवरचा एक मूळचा काटा होता, त्याचं बी इतकं खाल्लं गेलं की नवीन रोपं येईनाशी झाली. पुढं लोकांच्या लक्षात आलं, तोवर किडा सगळीकडे पसरला होता. सोडलेला किडा परत डबीत भरता येत नाही.

आपल्याकडे किडा नाही सोडत आहेत, माणसं सोडत आहेत, आपणच. पण आपण किडा नाही. आपल्याला फरक कळतो.

आता दाव्याचं बोलते, कारण काटा आणि दावा ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्या माळावर आपल्या सामूहिक वनहक्काचा दावा टाकलेला आहे. २००६ चा वनहक्क कायदा, त्यात गौण वनोपज म्हणजे काय ते लिहिलंय, आणि त्या यादीत मध आणि मेण नाव घेऊन आहेत, औषधी वनस्पती आणि मुळं-कंद पण आहेत. त्याची मालकी आपली. कलम ३ मध्येच पुढं आहे की सामूहिक वनाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क गावाचा. कलम ५ मध्ये ग्रामसभेला अधिकार दिलाय की तिथल्या जैवविविधतेला बाधा येईल असं काही होत असेल तर थांबवायचं. म्हणजे त्या माळावरचं कोणतं झाड ठेवायचं आणि कोणतं उपटायचं, हे ठरवणं हाच तर हक्क आहे. पट्ट्याचा कागद घरात फ्रेम करून लावला आणि ठरवलं दुसऱ्यांनीच, तर कागदाचा उपयोग काय?

आणि कागदावरचा तो शब्द पुन्हा बघा, 'निरुपयोगी'. आपल्या जमिनीला आधी पडीक म्हणायचं, झाडाला निरुपयोगी म्हणायचं, मग ती साफ करायची, हे आपण आधी बघितलंय. दुसऱ्या एका पाड्यावर आधी झाडोरा काढला, मग खड्डे आले, मग रोपं आली, मग तार आली आणि गुरं आत गेली तर पावती. इथं तसंच होईल असं मी म्हणत नाही. साहेब चांगले पण असतात. पण आपला दावा अजून पडताळणीत आहे, आणि कलम ४ सांगतं की ती पूर्ण होईपर्यंत कुणाला तिथून हटवता येत नाही. अशा वेळी आपल्याच सहीने माळ 'निरुपयोगी' म्हणून साफ झाला, तर उद्या तो कागद कोण कुणाला दाखवेल ह्याचा विचार करा. त्याच माळावरचा मध आणि औषधी मुळं आपण दाव्यात लिहिलीत. एका हाताने लिहायचं आणि दुसऱ्या हाताने उपटायचं, असं कसं चालेल?

मजुरीचं मला कळतं. माझ्या घरात पण जॉबकार्ड आहे. हे काम गेलं तर निम्मी घरं पिंपळगाव-दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला जातील, पोरं शाळेतून काढून बरोबर नेतील. मजुरी सोडा असं सांगणारी मी कोण? मजुरी सोडायचीच नाही. कामाचं नाव बदलून मागायचं. रोजगार हमीत गावाने काम सुचवायचं असतं, तो आपला हक्क आहे. म्हणून ठरावात मी असं लिहावं म्हणते: माळावर फक्त पिवळा धोत्रा काढायचा, आत्ता, तो फुलावर यायच्या आधी. आत्ता तो जमिनीलगत पसरलेला आहे, खुरप्याने मुळासकट निघतो. माघात बोंडं धरली की काढताना बी सांडतं आणि काम फुकट जातं. उरलेल्या दिवसांत बांधबंदिस्ती आणि खालच्या झऱ्याचं काम. दिवस तेवढेच भरतात, हिशेब मी आणि दोघांनी बसून केलाय, तक्ता मागच्या पानावर छापलाय.

उटकटारी आणि ब्रह्मदंडी बी सांडेपर्यंत जागेवर. वाटेवरची, पोरांच्या पायात येणारी आणि गोठ्याजवळची असेल तर खुशाल काढा, त्याला कोणी अडवत नाही. दाया मुळं नेतात, त्यांनी पण फुलातलं झाड सोडून न्यावं, आणि एका जागचं सगळं नेऊ नये.

तणनाशक मारायचं नाव काढू नका. दुकानदार म्हणेल एका दिवसात काम होतं. होतं, पण सगळंच मरतं, आणि मजुरी पण दुकानदाराच्या गल्ल्यात जाते.

आग्या मोहोळ काढणाऱ्या दादांना एक विनंती. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या लोकांनी ह्याच्यावर गावात अभ्यास गट बसवला होता, माश्या न मारता मध कसा काढायचा ते शोधायला. आपल्याकडे पण दोन-तीन म्हाताऱ्यांना ते येतं, मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग सोडायचा. त्यांच्याकडून शिकून घ्या, ते आहेत तोवर.

शनिवारी सकाळी दहाला ग्रामसभा. त्याच्या आधी आठ वाजता ज्यांना झाडं ओळखायला यायचंय त्यांनी माळावरच्या मोठ्या दगडाशी यायचं. मोठी माणसं दाखवतील, पोरांनी ओळखायचं. खुरपं आणा. हाताला गुंडाळायला गोणपाटाचा तुकडा आणा, धोत्र्याचं पिवळं दूध डोळ्याला लागू देऊ नका. आणि बायांनी सभेला मागं भिंतीला बसायचं नाही, पुढं बसायचं, सह्या-अंगठे तुमचे पण लागणार आहेत.

जोहार.